आकर्ण

मागच्या दसऱ्याला आपल्या मंडळाच्या नाटकात बृहन्नडेच्या हातात जे धनुष्य होतं, ते कुठून मागवलं असं मला निदान पंधरा जणांनी विचारलं. दोघांनी तर ऑनलाइनची लिंक मागितली. ते मागवलेलं नव्हतं, आमच्या स्वयंपाकघरात तयार झालेलं होतं. ते दुसरं होतं, पहिलं मोडलं, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. आज दोन्हींबद्दल बोलते.

आधी नाटकाचं सांगते, म्हणजे अडचण कळेल. प्रवेश विराटपर्वातला. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रं शमीच्या झाडावर लपवली होती. वर्ष सरत आलं तेव्हा कौरव विराटाच्या गाई पळवायला आले. राजपुत्र उत्तर घाबरला आणि त्याच्या रथावर सारथी म्हणून बसलेल्या बृहन्नडेनं, म्हणजे अर्जुनानं, त्याला झाडावर चढवून गांडीव खाली काढायला लावलं. आमची चौदा वर्षांची लेक बृहन्नडा झाली होती. दिग्दर्शकांच्या दोन अटी होत्या. आमची शमी थर्माकोलची आणि पाच फुटांची, म्हणून धनुष्य त्या फांद्यांत लपलं पाहिजे आणि ते घेऊन मुलीला गिरकीही घेता आली पाहिजे. म्हणजे चार फुटांच्या वर नको. दुसरी अट, अर्जुनानं प्रत्यंचा कानापर्यंत ओढली पाहिजे. आपल्या जुन्या कथांमध्ये शब्दच आहे ना, आकर्ण. हनुवटीपाशी थांबलेला अर्जुन त्यांना चालणार नव्हता.

जाता जाता एक गोष्ट. ज्या झाडावर गांडीव लपवलं ती शमी आपल्या इथं रस्त्याकडेला उभी आहे. अमिरातीत तिला घाफ म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं नाव प्रोसोपिस सिनेरारिया, शमीचंही तेच. 2008 पासून घाफ हा या देशाचा राष्ट्रीय वृक्ष आहे आणि तो तोडायला बंदी आहे. तेव्हा दसऱ्याला तिची फांदी घरी आणू नका, नमस्कार करून या. गावी आपण आपट्याची पानं ओरबाडून झाडं बोडकी करतो, त्यापेक्षा हे बरंच.

आता धनुष्य. मी व्यवसायानं स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. तुळया वाकू नयेत म्हणून मला पगार मिळतो. नवरा म्हणाला, प्लास्टिकचं आण दहा दिरहमचं. मला तो अपमान वाटला. मुसफ्फ्यातल्या एका लाकडाच्या दुकानातून ओकची फळी आणली, यूट्यूबवर दोन रात्री काढल्या आणि चार फुटांचं, म्हणजे 48 इंचांचं धनुष्य तासलं. पाती एक इंच रुंद, दहा मिलिमीटर जाड. मधली मूठ मात्र चांगली दणकट, कारण हातात तुटलं तर काय, अशी भीती. जिथं भार जास्त तिथं माल जास्त, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य.

ऑगस्टचा शेवट होता. रात्री आम्ही इमारतीच्या गच्चीवर गेलो. लेकीनं ओढलं, हनुवटीपर्यंत आलं. ती म्हणाली, "आई, शेवटी एकदम जड होतंय." मी म्हणाले, "अगं ओढ, काही होत नाही." ते वाक्य मला अजून ऐकू येतं. पंचविसाव्या इंचाच्या आसपास फटाक्यासारखा आवाज झाला. वरचं पातं मुठीच्या चार बोटं वर तुटलं, दोरीला लटकलं आणि उलट येऊन तिच्या गालाला लागलं. डोळ्याखाली बोटभर ओरखडा. बोटभरच, पण डोळ्यापासून बोटभरच.

सीतेच्या स्वयंवरात शिवधनुष्य मोडतं, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. धनुष्य मोडतं तेव्हा त्याचे तुकडे कुठं जातात, हे मी त्या रात्रीपर्यंत कधी मनात आणलं नव्हतं.

दोन दिवस मी त्या तुकड्यांकडे बघितलं नाही. मग वही घेऊन बसले, आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. हिशेब असा आहे. धनुष्य ओढलं की त्याची कमान होते. पाठीकडचं, म्हणजे लक्ष्याकडचं लाकूड ताणलं जातं आणि पोटाकडचं दाबलं जातं. ताण किती, हे दोनच गोष्टींवर ठरतं: कमान किती गोल झाली आणि लाकूड किती जाड आहे. जाडीचा अर्धा भाग घ्या, त्याला कमानीच्या त्रिज्येनं भागा, झाला ताण. साध्या फळीच्या लाकडात हा आकडा एक टक्क्याच्या जवळ गेला की धोक्याचा कंदील समजावा.

लेक कानापर्यंत ओढते तेव्हा मुठीपासून दोरीपर्यंत 27 इंच भरतात. हनुवटीपर्यंत साडेचोवीसच. म्हणजे "आकर्ण" या एका शब्दाची किंमत अडीच इंच. आता 27 इंच ओढायचे तर 66 इंचांच्या धनुष्याची कमान साधारण 92 सेंटीमीटर त्रिज्येची होते. 56 इंचांच्या धनुष्याची 64 सेंटीमीटर. 48 इंचांच्या धनुष्याची फक्त 46 सेंटीमीटर, आणि तेही सगळं लाकूड वाकलं तर! माझ्या दणकट मुठीनं मधले आठ इंच वाकायचेच बंद केले होते. उरलेल्या लाकडाला त्या आठ इंचांचं काम करावं लागलं आणि त्रिज्या आली 32 सेंटीमीटरच्या आत. दहा मिलिमीटर जाडीला तो ताण दीड टक्क्याच्या पुढं जातो. मी भीतीपोटी जिथं लाकूड ठेवलं, त्याच्या शेजारीच ते मोडलं. गच्चीवर ते पंचवीस इंचांपर्यंत तरी टिकलं कसं, हाच खरा प्रश्न होता.

ती म्हणाली होती ना, शेवटी जड होतंय? त्यालाही कारण होतं. दोरी आणि पात्याचं टोक यांच्यामधला कोन बघायचा. लांब धनुष्यात तो पूर्ण ओढल्यावरही काटकोनापेक्षा कमी राहतो, दोरी पात्याला नीट वाकवत राहते. आखूड धनुष्यात तो काटकोनाच्या पुढं जातो. मग दोरी पात्याला वाकवण्याऐवजी त्याच्या लांबीच्या दिशेनं उपटायला लागते. दार बिजागरीच्या दिशेनं ओढून बघा, हाताला तसंच लागेल. माझ्या आकृतीत 66 इंचांना तो कोन 77 अंश होता, 56 इंचांना 94 आणि 48 इंचांना 113, तोही ताठ मूठ न धरता. मुलीचे हात हे मोजमाप बरोबर सांगत होते. मी ऐकलं नाही.

मग प्रश्न पडला, तुर्की आणि मंगोल घोडेस्वार आखूड धनुष्य पार मागपर्यंत कसं ओढायचे? उस्मानी धनुष्यं साधारण चार फुटांच्या आतलीच असत आणि त्यांचा बाण चांगला लांब. उत्तर असं की ती नुसत्या लाकडाची नव्हती. पोटाला शिंग, पाठीला जनावराच्या कंडरांचे तंतू सरसानं चिकटवलेले, मध्ये लाकूड नावापुरतं. शिंग दाब सोसतं, कंडरा ताण सोसते, आणि ही दोन्ही लाकडाच्या तिप्पट-चौपट ताणली तरी परत येतात. शिवाय टोकं पुढं वळवलेली आणि ताठ, म्हणजे दोरीचा कोन शेवटपर्यंत आटोक्यात. आपल्याकडे मुघल काळात वापरात असलेल्या कमानीही याच जातीच्या. असं धनुष्य चिकटवून वाळायलाच कित्येक महिने जातात. आणि फ्लॅटमध्ये सरस उकळायला घेतला असता तर शेजाऱ्यांनी मंडळाकडे नव्हे, पोलिसांकडे तक्रार केली असती.

आजचं उत्तर चाकांचं आहे. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये. त्यांच्या हातातलं कंपाउंड धनुष्य आखूडच असतं. त्याच्या टोकांना लंबगोल चाकं असतात, पाती थोडीच वाकतात आणि दोरीची लांबी चाकांवरून सुटते. हे डोकं अमेरिकेतल्या हॉलेस ॲलन यांचं, पेटंट 1969 चं. आमच्या लेकीच्या खोलीत अदितीचं चित्र आहे. पण अर्जुनाच्या हातात चाकं कशी देणार?

लाकडाचंच करायचं तर लाकूड कोणतं, याचाही शोध घेतला. अरबी धनुर्विद्येच्या जुन्या ग्रंथांत हिजाजी धनुष्याचं वर्णन येतं. एकाच काठीचं, निव्वळ लाकडाचं. त्यासाठी तीन लाकडं सांगतात, नब, शौहत आणि शिर्यान. जुने अरबी भाषापंडित म्हणतात की तिन्ही एकच झाड, डोंगरमाथ्यावर उगवलं तर नब, उतारावर शिर्यान, पायथ्याशी शौहत. काही अभ्यासक हे झाड ग्रेविया कुळातलं मानतात. हे वाचलं आणि मी हसले, कारण आपली धामण त्याच कुळातली. सह्याद्रीतली धामण ऐकली असेल. कावडीचा दांडा, औताराचा दांडा, जिथं लाकूड लवलं पाहिजे पण मोडता कामा नये, तिथं धामण. संस्कृतात तिचं नावच धन्वन, धनुष्याचं झाड. फालसा तिचा भाऊ, ज्याचं सरबत आपण पितो. म्हणजे हिजाजच्या डोंगरातला धनुष्यकार आणि आपल्या डांगाणातला माणूस कदाचित एकाच घराण्याच्या झाडाकडे वळत होते. गावाकडे, सातपुड्यातल्या भिल्लांचा तिरकामठा मात्र बांबूचा, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीच्या चिंबट पट्टीची.

धामण काही मला अबुधाबीत मिळाली नाही. पुन्हा मुसफ्फ्याला गेले. या वेळी दुकानातल्या स्वातकडच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना तुकडे दाखवले. त्यांनी तुटलेल्या जागी नख फिरवलं. रेषा फळीच्या कडेला तिरक्या बाहेर पडत होत्या. म्हणाले, "बाजी, रग कट गया है." रग म्हणजे शीर. लाकडाची शीर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेली पाहिजे, ती कडेला बाहेर पडली की तिथून चीर फुटते. त्यांनी अर्धा तास फळ्या उलथ्यापालथ्या करून मला ॲशची एक फळी काढून दिली, सरळ शिरेची. ओकही वाईट नव्हता, माझी निवड वाईट होती. शिवाय मी ती फळी आठवडाभर गाडीच्या डिकीत ठेवली होती. इथल्या उन्हाळ्यात डिकी म्हणजे भट्टी. अति वाळलेलं लाकूड वाकत नाही, कडकन मोडतं. उलट समुद्राकडच्या दमट हवेत उघड्या बाल्कनीत ठेवलं तर ओल धरून मऊ पडतं आणि वाकलेलं तसंच बसतं. नवी फळी मी एसीच्या खोलीत, पलंगाखाली तीन आठवडे ठेवली. आपल्याला मानवते ती हवा तिलाही मानवते.

मग दिग्दर्शकांकडे गेले आणि सांगितलं, चार फुटांत आकर्ण होणार नाही. लांबी वाढवा, नाहीतर कान सोडा. ते जरा रागावले. कलाकृतीत तडजोड नको म्हणाले. मी लेकीचा गाल दाखवला. शमी एक फुटानं उंच झाली.

नवं धनुष्य 56 इंचांचं. पण खरा बदल लांबीत नाही, जाडीत आहे, आणि हे कोणाला करायचं असेल तर एवढंच ऐका: पातळ करा. पातळ म्हणजे नाजूक असं आपल्याला वाटतं. धनुष्यात पातळ म्हणजे सोसणारं. जाडी नऊ मिलिमीटर, तीही टोकापासून टोकापर्यंत एकच. ताण आला साधारण 0.7 टक्के, 66 इंचांच्या बारा मिलिमीटर जाड धनुष्याला येतो जवळजवळ तेवढाच. पण जाडी बारावरून नऊवर आणली की ताकद निम्म्याहून खाली जाते. ती भरून काढायची तर रुंदीनं. म्हणून मध्यभागी 45 मिलिमीटर रुंद आणि तिथून दोन्हीकडे सरळ रेषेत निमुळतं. असं केलं की कमान गोल होते, कुठल्याच एका जागी कोपरा पडत नाही. आणि मूठ? मूठ नाहीच. मधलं लाकूडही इतरांसारखंच पातळ, त्यालाही वाकायचं. वर फक्त चामड्याची पट्टी गुंडाळली. माझ्या हाताला ते मधलं लाकूड तासणं किती जड गेलं, सांगू शकत नाही. रंधा हातात घेऊन मी दहा मिनिटं नुसती उभी होते.

ओढायला जोर लागतो नऊ किलोचा. हे मोजलं बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्यानं, आपल्या प्रत्येकाच्या घरी असतो तो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर धनुष्य आडवं टांगलं, दोरीला बारीक दोर बांधून खाली कप्पीतून नेला आणि दाराबाहेर उभं राहून ओढला, म्हणजे मोडलं तरी समोर कोणी नको. भिंतीवरच्या फरशांच्या चौकटी आयत्याच होत्या. नवरा फोटो काढायचा, आम्ही चौकटी मोजायचो, डावं पातं कुठं, उजवं कुठं. ताठ दिसेल तिथं पोटाकडून कानशीचे चार हात. पाठीला हात लावायचा नाही, तिथली शीर तोडायची नाही. मग वीस-तीस वेळा हलकं ओढायचं, म्हणजे लाकडाला नवीन सवय लागते, आणि मगच पुढचा इंच. एका रात्रीत एक इंच, कधी तोही नाही. 20 इंचांपासून 27 पर्यंत जायला बारा रात्री गेल्या. पोळ्या त्या दिवसांत बाहेरून येत होत्या.

एवढं करून लेक त्याला हात लावेना. धरायची, पण अठरा इंचांवर डोळे मिटायची आणि मान फिरवायची. मी काही समजावलं नाही. रोज संध्याकाळी हॉलमध्ये उभी राहून तिच्यासमोर स्वतः ओढायची, शंभर वेळा. माझा हात तिच्याहून लांब, म्हणून दोरीला खूण करून बरोबर 27 पर्यंत. चष्मा काढून चेहऱ्याच्या अगदी जवळ. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा ओढतील का?" बाबांनी ओढलं. सहाव्या दिवशी तिनं स्वतः एक गोष्ट सुचवली. मुठीपासून दोरीपर्यंत मासे पकडायची नायलॉनची दोरी बांधायची, 26 इंचांची. त्याच्या पुढं ओढलंच जाणार नाही. आम्हा सगळ्यांना हिशेब माहीत होता, धनुष्य 27 सोसत होतं. तरी तिला तो एक इंच राखून हवा होता. मी बांधली.

बाण नाटकात नव्हताच. आणि हे नीट ऐका, बाण नसताना ताणलेली दोरी सोडायची नाही, कधीच. बाणात जायची ती सगळी ताकद उलटी पात्यांत जाते आणि चांगलं धनुष्य एका टणत्कारात फुटतं. मुलांना पहिल्यांदा तोच मोह होतो. आमच्या नाटकात टणत्कार स्पीकरवरून आला. लेक आकर्ण ओढून सावकाश दोरी परत न्यायची, तेवढ्यात प्रकाश जायचा. खरा बाण मारायचा असेल तर रेंजवर जा, आणि धनुष्य घेऊन निघण्याआधी तिथं फोन करून नियम विचारा. बागेत, कॉर्निशवर, वाळवंटात सहलीला, कुठंच नको.

प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत होते. उत्तर झाडावर चढला, गांडीव खाली आलं, बृहन्नडेनं गिरकी घेतली आणि ओढलं. डोळे उघडे होते. नायलॉनची दोरी मला दिसत होती, प्रेक्षकांना नाही. कानाच्या एक इंच आधी हात थांबला. नंतर दिग्दर्शक म्हणाले, "बघा, आकर्ण झालं की नाही!" मी हो म्हटलं.

धनुष्य आता पुस्तकांच्या कपाटावर आडवं ठेवलंय, दोरी उतरवून. मोजलं, तेव्हा पाती दोन सेंटीमीटर वाकडी राहिली होती, म्हणजे लाकूड थोडं बसलंय, पण फुटलेलं कुठं नाही. लेक परवा विचारत होती, या डिसेंबरमध्ये सुट्टीला गेल्यावर धामणीची काठी मिळेल का, आणि विमानात किती लांबीची बॅग चालते.